घराचा विमा सांगून माथी मारलेली जीवन विम्याची पॉलिसी

कर्ज काढून गावात स्लॅबचं घर बांधणाऱ्या कुटुंबांची ही फसवणूक बहुतेक वेळा कर्जाचे पैसे सुटायच्या दिवशीच होते. त्या दिवशी माणूस घाईत असतो, मिस्त्री-गवंड्यांचे पैसे द्यायचे असतात आणि समोरचा सांगतो, "काकाजी, घराचा विमा केल्याशिवाय रक्कम सुटत नाही. इथं सही करा." वीस-पंचवीस हजार परस्पर कर्जातून कापले जातात, आणि त्या रकमेवर पुढं वर्षानुवर्षं व्याजही भरावं लागतं.

घराला आग लागली किंवा वादळात टिनं उडाली की पॉलिसी बाहेर निघते. त्यात 'विमित व्यक्ती' म्हणून घरधन्याचं नाव, मुदत १५ वर्षं आणि दरवर्षी भरायचा हप्ता. घराचा उल्लेख फक्त पत्रव्यवहाराच्या पत्त्यात. हा जीवन विमा आहे. जळालेल्या घरासाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

कर्जाच्या करारात मालमत्तेचा विमा मागितलेला असू शकतो. पण तो अमुकच कंपनीचा घ्या अशी सक्ती करता येत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्यानं कर्जाचा सगळा खर्च एका जागी दाखवणारं 'मुख्य तथ्य पत्रक' देणं बंधनकारक आहे. सही करण्याआधी ते मागा आणि विम्याची रक्कम कशापोटी धरली आहे, ते त्यात बघा.

फसवणूक लपवायच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. फॉर्मवर मोबाइल नंबर एजंटचाच टाकतात, म्हणजे कंपनीचे मेसेज तुमच्यापर्यंत येतच नाहीत. पडताळणीचा फोन आलाच तर "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर कर्ज अडकते" असं आधीच पढवून ठेवतात. तो फोन रेकॉर्ड होतो, आणि पुढं तुमचंच 'हो' तुमच्याविरुद्ध पुरावा ठरतं. तिसरी युक्ती सगळ्यात घातक: "कागद माझ्यापाशी राहू द्या." जीवन विम्याची पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, आणि मुद्रांक शुल्कासारखी थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. कागद दडवायचा तो हे दिवस उलटावेत म्हणूनच. पोहोच पावतीवर सही करताना त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हातानं टाका.

घराच्या खऱ्या पॉलिसीत मालमत्तेचा पत्ता, चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) आणि बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो. पत्ता आणि घर क्रमांक ग्रामपंचायतीच्या नमुना ८ शी, म्हणजे घराच्या नोंदीच्या उताऱ्याशी, जुळवून घ्या. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण (जीवन विमा सोडून बाकीचे विमे करणाऱ्या) विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक मजकुराची पॉलिसी आहे. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप त्यात येतात. विमा रक्कम जागेच्या भावावर नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. चटईक्षेत्र ७०० चौरस फूट आणि खर्च १,६०० रुपये फूट असेल तर ११,२०,००० रुपये. प्लॉटची किंमत मिळवून आकडा फुगवला तर हप्ता वाढतो, भरपाई वाढत नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप संरक्षण मिळतं. एरवीच्या घरफोडीसाठी मात्र वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. या पॉलिसीत आग-पुरासारख्या आपत्तीनंतर ७ दिवसांत झालेलीच चोरी धरतात.

आपल्याकडं सगळ्यात मोठा घोळ कापसाचा होतो. भाव वाढेल म्हणून समोरच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवलेला कापूस किंवा सोयाबीनचे कट्टे हे घरगुती सामान नाही, विक्रीचा माल आहे. "कापूसही यातच आला" असं कोणी म्हटलं तर ते लेखी मागा. लेखी मिळणार नाही. त्या मालाचा विमा वेगळा. भिंतीला लागून पऱ्हाटीचा ढीग किंवा कुटार असेल तर नुकसान बघायला येणाऱ्या सर्वेअरला ते दिसतंच. विम्याच्या अर्जात, म्हणजे प्रस्तावात, खरं लिहा. भिंती मातीच्या असताना 'पक्कं बांधकाम' लिहू देऊ नका, दावा तिथंच अडतो.

जुन्या घरावरची पॉलिसी आपोआप नव्या घरावर जात नाही. कंपनीला कळवून पत्ता बदलून घ्या. गॅसचं कनेक्शनही नव्या पत्त्यावर करा, कारण तेल कंपन्यांचा अपघात विमा नोंदलेल्या पत्त्याशी बांधलेला असतो आणि त्याचा वेगळा हप्ता ग्राहकाकडून घेत नाहीत. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. गाडीच्या आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलायचा असतो. तो झाला की गाडीच्या विम्यातही बदला.

चुकीची पॉलिसी आधीच गळ्यात पडली असेल तर आजच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या. सोबत कर्जमंजुरीचं पत्र आणि कपात दाखवणारा खातेउतारा जोडा. कर्ज आणि पॉलिसी यांच्या तारखा एकमेकींना लागून असणं हा चांगला पुरावा आहे. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ वर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या विमा लोकपालाकडं जा. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाची मुदत असते. तिथं फी नाही, आणि वकील करावा लागत नाही.