गणपतीच्या शाळेत एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर: तीन हंगामांचा अनुभव

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या गावात सासऱ्यांची गणपतीची शाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवण्याची जागा आहे. लग्न होऊन आल्यापासून मी तिथे रंगकाम करते. मूर्ती मातीच्या आणि घरोघरच्या पाटांवर घडवलेल्या असतात. सव्वा फुटापासून दोन फुटांपर्यंतच्या साधारण एकशे चाळीस मूर्ती दरवर्षी आमच्याकडून जातात. २०२३च्या हंगामापूर्वी रंगकामासाठी आम्ही एक एअरब्रश आणि त्याला हवा पुरवणारा छोटा कॉम्प्रेसर विकत घेतला. तीन चतुर्थ्या त्यावर काढल्यानंतर, आमच्यासारख्या घरगुती शाळांना हे यंत्र घ्यावे की नाही हे ठरवणे सोपे जावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

प्रथम वस्तूबद्दल. हा कॉम्प्रेसर तेल न लागणारा, एका पिस्टनचा आणि तीन लिटरच्या टाकीचा आहे. टाकीतील दाब चार बारपर्यंत चढला की मोटर आपोआप थांबते आणि तीनच्या खाली आला की पुन्हा सुरू होते. एअरब्रशला वर रंगाची वाटी आहे आणि एकाच खटक्यावर दोन कामे होतात: खाली दाबले की हवा सुटते, मागे ओढले की रंग येतो. सोबत ०.३ आणि ०.५ मिलिमीटरच्या दोन तोट्या आल्या. नळी आणि पाणी अडवणारा काचेचा पेला धरून सगळ्याला साडेसात हजार रुपये पडले. याच बनावटीचे यंत्र बाजारात अनेक नावांनी मिळते, त्यामुळे मी नावापेक्षा बनावटीबद्दलच लिहिते.

याची गरज का भासली, हे कोकणातील हंगामाची घडी ठाऊक असलेल्यांना वेगळे सांगायला नको. पाट आषाढापासून येऊ लागतात आणि नागपंचमीनंतर आम्ही पाट स्वीकारत नाही. नेमकी तेव्हाच भाताची लावणी चालू असते. एरवी शाळेत हाताखाली असणारी दोन मुले आणि शेजारच्या काकी लावणी संपेपर्यंत शेतातच असतात, आणि त्यांना बोलावणे आम्हालाही पटत नाही, कारण आमची स्वतःची लावणीही त्याच माणसांच्या बळावर उरकते. म्हणजे रंगाचे खरे काम श्रावण लागता लागता सुरू होते आणि मूर्ती हरतालिकेच्या संध्याकाळपर्यंत किंवा फार तर चतुर्थीच्या पहाटेपर्यंत तयार असावी लागते. या तारखेला सवलत नसते. मुंबईहून चाकरमानी आलेला असतो, घरात माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट) बांधलेली असते, आणि अशा वेळी ‘उद्या या’ हे शब्द आमच्या शाळेतून आजवर कोणाला ऐकावे लागलेले नाहीत.

पूर्वी अंगरंगाचे दोन हात ब्रशने देताना एका सव्वा फुटी मूर्तीला प्रत्येक हातास सुमारे पंचवीस मिनिटे लागत. सोंडेच्या वळ्या, कानामागची खाच, पोटावर आलेला शेला अशा जागी रंग साचू न देता ब्रश फिरवावा लागतो, नाहीतर वाळल्यावर तिथे जाड कड दिसते. एअरब्रशने तोच हात सात-आठ मिनिटांत होतो आणि रंग सगळीकडे सारख्या पातळीचा बसतो. एकशे चाळीस मूर्तींना दोन हात या हिशेबाने जवळजवळ ऐंशी तास वाचतात. वाटी आणि तोटी धुण्यात जाणारा वेळ वजा केला तरी आठवडाभराचे काम कमी होते. श्रावणातला आठवडा म्हणजे काय, हे शाळा चालवणाऱ्यालाच कळेल.

गालांवरची आणि कपाळावरची छटा हे या यंत्राचे सर्वांत देखणे काम आहे. दाब दीड बारवर आणून तोटी मूर्तीपासून चार बोटांवर धरली आणि खटका केसभरच मागे घेतला, तर गालावर लाली उमटते ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे दिसतच नाही. ब्रशने ही छटा काढायला ओल्या रंगात ओला रंग मिसळावा लागे आणि पावसाळी हवेत तो कधी लवकर ओढला जाई, तर कधी ओघळे. पितांबराच्या निऱ्यांमधील गडद छायाही आता मी यानेच देते. मात्र जिथे दोन रंगांची कड तीक्ष्ण हवी, तिथे फवारा आवरत नाही. त्यासाठी जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे तुकडे मूर्तीच्या वळणाप्रमाणे कापून ठेवले आहेत. एका हाताने तो तुकडा कडेवर धरायचा आणि दुसऱ्या हाताने फवारायचे. एवढे करूनही शेल्याची जर, मुकुटाची नक्षी आणि बोटांमधल्या रेषा ब्रशनेच काढाव्या लागतात.

रंगाची तयारी हा भाग दुकानदार सांगत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात प्लास्टर ऑफ पॅरिसबरोबरच विषारी रासायनिक रंगही वर्ज्य ठरवले. आमच्या मूर्ती पूर्वीपासूनच मातीच्या. पण काही ठिकाणी वापरले जाणारे तैलरंग आम्ही तेव्हापासून पूर्णपणे बंद केले. पाण्यात विसर्जित होणाऱ्या मूर्तीला पाण्याचाच रंग असावा, हे मला मनापासून पटते. परंतु खडूची पूड, डिंक आणि मातीचे रंग यांचे मिश्रण ०.३च्या तोटीत हमखास अडकते. त्यासाठी ०.५ची तोटी लावावी, रंग दुधाइतका पातळ करावा आणि मलमलच्या दुहेरी फडक्यातून दोनदा गाळावा. मूर्तीवरचा पहिला पांढरा हात या यंत्राने देण्याचा प्रयत्न आम्ही सोडून दिला, कारण त्यात खडू जास्त असतो आणि दर दोन मूर्तींमागे तोटी सोडवून सुईने साफ करावी लागे. पांढऱ्यासाठी मोठ्या तोटीची स्प्रे गन लागते आणि तिला लागणारी हवा हा छोटा कॉम्प्रेसर पुरवू शकत नाही. विकत घेताना दुकानात ‘गनसुद्धा चालेल’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. ते खरे नव्हते.

यंत्राचा सर्वांत मोठा दोष आमच्या हवेत उघड होतो. श्रावणातील हवा ओलीचिंब असते. ती दाबली गेली की तिच्यातील पाणी टाकीत साचते आणि नळीतून पुढे येते. पहिल्या वर्षी एका दीड फुटी मूर्तीच्या उजव्या गालावर छटा देत असताना तोटीतून अचानक पाण्याचा एक टपोरा थेंब उडाला आणि डोळ्याच्या जागेखालून सोंडेपर्यंत पांढरी वाट काढत ओघळला. खालचा पांढरा हातही त्याने उचलला. ती बाजू खरवडून, वाळवून आणि पुन्हा तीन हात देऊन सारखी करायला दीड दिवस गेला. पुरवलेला काचेचा पेला कोरड्या प्रदेशात पुरत असेल, इथे तो अर्ध्या तासात भरतो. आता टाकीखालची चावी आम्ही दर वीस मिनिटांनी सोडतो, नळीच्या मध्यावर दुसरा पेला बसवला आहे आणि मूर्तीकडे तोटी वळवण्यापूर्वी प्रत्येक वेळी जुन्या कागदावर एक फवारा मारून पाहतो. हा दोष संवयीने आटोक्यात येतो, पण पहिल्या हंगामात कोणी सांगितले असते तर ती मूर्ती वाचली असती.

विजेचे दुखणे त्याहून कठीण आहे. तीन लिटरची टाकी भरलेली असली तरी वीज गेल्यावर मिनिटभराचेही काम होत नाही. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर मोटर घुरघुरते आणि तापते, त्यामुळे तो उपाय आम्ही एकदाच करून पाहिला. वादळी पावसात दिवसदिवस वीज नसते, तेव्हा पुन्हा ब्रश हातात घ्यावाच लागतो. म्हणून घरातील प्रत्येकाचा ब्रशवरचा हात बसलेला राहिला पाहिजे, असा आमचा नियम आहे. यंत्र आल्यानंतर शिकू लागलेल्या माझ्या पुतण्यालाही आम्ही पहिले वर्षभर ब्रशच दिला होता. पिस्टनची कडी दुसऱ्या वर्षी झिजली आणि दाब चढेनासा झाला. सुटा भाग मागवला तो यायला अकरा दिवस लागले, आणि ते अकरा दिवस नागपंचमीनंतरचे होते. हे यंत्र घेणाऱ्याने दोन कड्या आणि एक जादा तोटी पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावी. फवाऱ्याचा सूक्ष्म रंग बंद खोलीत तरंगत राहतो, म्हणून तोंडावर मुखपट्टी आणि खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा आवश्यकच समजावा.

यंत्रामुळे कामाची रीतही बदलली. पूर्वी आम्ही चार-पाच मूर्ती पुढ्यात घेऊन त्या पूर्ण करत असू. आता रंग बदलताना वाटी धुण्यात दहा मिनिटे जातात, म्हणून एक दिवस केवळ अंगरंग, दुसरा दिवस केवळ पितांबर, असे काम चालते. यात वेळ वाचतो, पण कोणाचा पितांबर पिवळा आणि कोणाचा डाळिंबी, कोणाकडे नाग कमरेला आणि कोणाकडे गळ्यात, हे विसरण्याचा धोका वाढतो. कोकणातील घरांना मूर्तीचे रूप पिढ्यान्‌पिढ्या तेच लागते आणि त्यात चूक झाली तर माणसे बोलत नाहीत, मनातून दुखावतात. पाटाखाली खडूने लिहिलेले नाव फवाऱ्याच्या ओलीत पुसले जाऊ लागले, तेव्हा आम्ही पाटाच्या मागच्या कडेला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधू लागलो. तिच्यावर वहीतला अनुक्रमांक, घराणे आणि रंग असतात आणि ती मूर्ती उचलून देतानाच सोडली जाते.

आता मुख्य गोष्ट. २०२३मध्ये अधिक श्रावण होता आणि चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. हातात भरपूर दिवस होते, यंत्र नवे होते, काम वेळेआधी संपले आणि आमचा समज झाला की आता जास्त मूर्ती झेपतील. २०२४मध्ये आम्ही एकशे पासष्ट पाट घेतले. चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. तेव्हा कळले की हंगाम अंगरंगापाशी अडतच नव्हता. तो दोन ठिकाणी अडतो, मातीच्या वाळण्यापाशी आणि डोळ्यांच्या आखणीपाशी, आणि या दोन्ही जागी यंत्राचा काही उपयोग नाही. माती आतून वाळायला लागतील तेवढे दिवस लागतातच. बल्ब लावा, शेगडी ठेवा, पंखे फिरवा, घाई केली तर मूर्ती तडकते. रंगाचा हात आता लवकर होतो म्हणून आम्ही काही मूर्ती पुरत्या वाळण्याआधीच रंगायला घेतल्या, आणि आठवडाभरात बारा मूर्तींच्या पोटावरून व आसनावरून रंगाचे पापुद्रे सुटले. त्या बाराही मूर्ती पुन्हा केल्या. त्या दहा रात्री घरात कोणी चार तासांहून अधिक झोपले नाही, आणि सासऱ्यांचे हात थरथरू लागलेले मी पहिल्यांदा पाहिले.

आखणी ते एकटेच करतात. सकाळच्या उजेडात, पडवीत, पाटासमोर मांडी घालून ते बसतात, शून्य क्रमांकाचा ब्रश पाण्यात बुडवून ओठांनी नव्हे तर अंगठ्याच्या नखावर टोकदार करतात, श्वास धरून वरच्या पापणीची रेघ एका ओढीत काढतात आणि मगच श्वास सोडतात. एका मूर्तीला पाऊण तास लागतो आणि दिवसाला आठपेक्षा जास्त मूर्ती त्यांना कोणी करू देत नाही. एकशे चाळीस मूर्ती म्हणजे अठरा दिवस. एकशे पासष्टच्या हिशेबात वरचे दिवस कुठून आणायचे, याचा विचार पाट घेताना आम्ही केला नाही, ही आमची चूक होती.

२०२५मध्ये चतुर्थी आदल्या वर्षापेक्षा अकरा दिवस आधी, २७ ऑगस्टला आली. आम्ही पाट पुन्हा एकशे चाळीसवर आणले आणि वाचलेला आठवडा वाळवणीला दिला. वहीत प्रत्येक मूर्तीसमोर आखणीचा दिवस आधी लिहिला आणि तिथून मागे मोजत रंगाचा, पांढऱ्या हाताचा आणि मातीकामाचा दिवस ठरवला. पंचवीस घरांना नाही म्हणावे लागले. त्यांतील बहुतेकांना शेजारच्या गावातील शाळेत जागा मिळाली. एकही पापुद्रा सुटला नाही, हरतालिकेच्या दुपारी शेवटची मूर्ती तयार होती आणि संध्याकाळी आमच्याच घरच्या गणपतीची आखणी सासऱ्यांनी उजेड असताना केली. एरवी ती मध्यरात्रीनंतर कंदिलापाशी होत असे.

त्यामुळे माझे मत असे आहे की शंभराच्या आसपास किंवा त्याहून अधिक मातीच्या मूर्ती करणाऱ्या घरगुती शाळेने साडेसात हजारांचे हे यंत्र जरूर घ्यावे. अंगरंग आणि छटा यांसाठी ते उत्तम आहे, पांढऱ्या हातासाठी निरुपयोगी आहे आणि दमट हवेत त्याच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. चाळीस-पन्नास मूर्ती करणाऱ्यांना धुण्यापुसण्यातच वाचलेला वेळ जाईल. त्यांना चांगले रुंद ब्रश पुरेत. मोठी स्प्रे गन चालवायची असेल तर निदान पंचवीस लिटरच्या टाकीचा कॉम्प्रेसर पाहावा, फक्त त्याचा आवाज घरात सोसवेल का हे आधी ऐकून घ्यावे. आमच्या छोट्या यंत्राचा आवाजही पडवीच्या लाकडी फळ्यांतून पाटापर्यंत थरथर पोचवतो, म्हणून आखणी चालू असताना ते बंद असते.

२०२६मध्ये अधिक ज्येष्ठ येत असल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. आम्ही पिस्टनच्या दोन कड्या आणि दुसरा एअरब्रश आणून ठेवला आहे. वहीत एकशे चाळीसच ओळी आखल्या आहेत.