आठ पीकवाले रेनबो बीड्स : पावसाळाभर वापरल्यावर

जुलैत आमच्या फ्लो सायटोमीटरचा (पेशी एकेक करून लेसरसमोरून नेऊन त्यांची चमक मोजणारं मशीन) ४८८ नॅनोमीटरचा लेसर बदलला, म्हणून रेनबो बीड्सबद्दल, म्हणजे आठ वेगवेगळ्या तेजांच्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्यांबद्दल, हे लिहितोय. आमची लॅब रबाळे एमआयडीसीत. जीएफपी आणि एमचेरी (हिरवं आणि लाल चमकणारी प्रथिनं) असलेल्या पेशी सतत मोजायच्या असतात. सर्व्हिस इंजिनिअर आले, त्यांनी मशीनचे रोजच्या तपासणीचे बीड्स चालवले, स्क्रीनवर 'पास' आलं, सही घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी त्याच क्लोनचा (एकाच पेशीपासून वाढवलेल्या पेशींचा) जीएफपी मीडियन, म्हणजे मधला आकडा, जूनपेक्षा कितीतरी वर! फोन केला तर एकच उत्तर : "सर, पास आहे ना?"

पास आहे, मान्य. पण 'पास' म्हणजे मशीन ठरलेल्या मर्यादेत चालतंय, एवढंच. जूनचे आणि ऑगस्टचे आकडे शेजारी ठेवता येतील का, हे त्यातून कळत नाही.

तिथे रेनबो बीड्स कामी आले. जूनमध्ये पेशींसोबत, डिटेक्टरच्या त्याच व्होल्टेजला, ते चालवलेले होते. लेसर बदलल्यावर त्याच बाटलीतले परत चालवले, प्रत्येक पीकचा (एका तेजाच्या बीड्सच्या गटाचा) मीडियन लॉटच्या, म्हणजे उत्पादनाच्या खेपेच्या, कागदावरच्या एमईएफएल मूल्यांसमोर (चमक फ्लुओरेसिन या हिरव्या चमकणाऱ्या रंगाच्या किती रेणूंइतकी, ते सांगणारे आकडे) लॉग-लॉग आलेखावर मांडला, रेषा बसवली. पहिलं पीक बिनरंगी, ते आणि स्केलबाहेर गेलेलं सगळ्यात तेजस्वी पीक सोडून द्यायचं. पेशींचे आकडे या रेषेतून काढले, तर जून आणि ऑगस्ट जवळजवळ एकावर एक बसले. मला खरोखर हायसं वाटलं. विकत घेताना बाटली फार महाग वाटली होती. आता हिशेब उलटा लावतो : एका रनला एक-दोन थेंब लागतात, आणि त्या थेंबांनी अख्ख्या तिमाहीचा डेटा वाचला.

तक्रार एकच, पण मोठी. लेबल! फ्रिजमधून बाहेर काढली की नवी मुंबईच्या दमट हवेत बाटलीला घाम फुटतो आणि लॉट नंबरची शाई पुसट होते. एमईएफएलची मूल्यं लॉटनुसार बदलतात. नंबर गेला तर बाटलीत उरतात फक्त रंगीत प्लास्टिकचे गोळे. एवढी किंमत घेता, मग नंबर पुसला न जाणाऱ्या शाईत छापायला काय हरकत आहे? मी आल्या दिवशीच पेन्सिलीने नंबर लिहून वर सेलोटेप लावतो आणि लॉटच्या कागदाचा फोटो लॅबच्या ग्रुपवर टाकतो.

नवीन लोकांसाठी थोडं. कॉम्पेन्सेशनला (एका रंगाची दुसऱ्याच्या मापात सांडलेली चमक वजा करायला) हे बीड्स चालत नाहीत, त्यांच्यात अनेक रंग मिसळलेले असतात. त्यासाठी फक्त जीएफपी आणि फक्त एमचेरी असलेल्या पेशी हव्यात, शिवाय मूळ बिनरंगी पेशीही, म्हणजे त्यांची स्वतःची चमक वजा करता येते. एमईएफएल हे फ्लुओरेसिनचं माप आहे. जीएफपीचा वर्णपट त्याच्याशी हुबेहूब जुळत नाही, म्हणून आलेला आकडा थेट जीएफपीच्या रेणूंची संख्या समजू नका, आणि ५३०/३० फिल्टर (जीएफपीचा हिरवा प्रकाश आत सोडणारा) बदललात तर जुनी तुलना विसरा. एमचेरीला ५६१ चा लेसर असेल तर फार बरं. ४८८ ने ते जेमतेम उजळतं. व्होल्टेज हलवलं की बीड्स परत चालवायचे, इथे काटकसर नको. बाटली आधी नीट हलवा, बीड्स तळाला बसतात.

आमची बाटली संपत आली आहे. नवा लॉट आधीच मागवलाय. दोन्ही एकाच सकाळी, एकाच सेटिंगला चालवणार. तुम्हीही तसंच करा, आणि लॉटचा कागद हातात पडल्याशिवाय डीलरचं बिल पास करू नका.