आधी जियंग की आधी ग्वांग्जू?

आधुनिक कोरियन कादंबरी वाचायची आहे, बाईवरचे साचे आणि सत्तेचा वरवंटा हे विषय हवे आहेत, असं म्हटलं की बहुधा दोन नावं पुढे येतात : चो नाम-जू यांची ‘किम जियंग, बॉर्न १९८२’ आणि हान कांग यांची ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’. दोन्हींचे इंग्रजी अनुवाद आहेत. पण दोन्ही एका दमात वाचू नका.

जियंग छोटी आहे, एका बैठकीत संपते. मुलीसाठी नोकरी सोडलेली आई अचानक दुसऱ्या बायकांच्या आवाजात बोलू लागते. दर सणाला आपली लेक राबून आजारी पडते, हे ती आपल्या आईच्या आवाजात सासरच्यांना ऐकवते! भाषा कोरडी, मधूनमधून आकडेवारीच्या तळटीपा. ‘हा तर अहवाल’ अशी तक्रार होते. मला तो कोरडेपणा मुद्दाम केलेला वाटतो. ही फाइल कोण लिहितंय ते कळल्यावर तुम्हालाही वाटेल. २०१६ साली आलेल्या या पुस्तकाच्या कोरियात दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. २०१८मध्ये एका लोकप्रिय गायिकेने ते वाचल्याचं सांगितलं, तर काही पुरुष चाहत्यांनी तिचे फोटो जाळले.

‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’ (मूळ कोरियन २०१४) वेगळ्याच जातीची. डिसेंबर १९७९मध्ये लष्करी बंड करून चुन दू-ह्वानने सत्ता बळकावली. मे १९८०मध्ये ग्वांग्जू शहरात लोक रस्त्यावर उतरले आणि सैन्याने त्यांना गोळ्या घातल्या. शाळकरी दोंग-हो तिथे प्रेतांची देखभाल करतो. लेखिका त्याला ‘तू’ म्हणते, त्यामुळे आपणही त्या प्रेतांपासून दूर सरकू शकत नाही. मग प्रत्येक प्रकरणात माणूस बदलतो, साल बदलतं. एक प्रकरण तर मेलेल्या मुलाच्या आत्म्याचं. प्रकाशनसंस्थेतल्या संपादिकेला चौकशीत सात थपडा बसतात आणि ती एकेक थप्पड विसरायचा प्रयत्न करते. सेन्सॉरने काळ्या केलेल्या ओळी रंगमंचावर नट नुसते ओठ हलवून म्हणतात; सेन्सॉरशिपवर इतकं नेमकं मी क्वचितच वाचलंय.

आता निवड. घरात, मित्रमंडळींत चर्चा पेटवायची असेल तर जियंग घ्या. नवऱ्याच्या किंवा भावाच्या हातातही बिनधास्त द्या. साहित्य म्हणून मात्र ‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’ कितीतरी उजवी. फक्त झोपण्यापूर्वी वाचायची नाही.

आणि हान कांग यांचीच ‘द व्हेजिटेरियन’? २०१६चं मॅन बुकर इंटरनॅशनल आणि लेखिकेला २०२४चं नोबेल, म्हणून बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. मी ती तिसरी ठेवेन. मांस सोडणाऱ्या लेकीच्या तोंडात बाप जबरदस्तीने मांस कोंबतो, आणि हा बाप व्हिएतनाम युद्धात लढलेला आहे. ग्वांग्जू वाचून आलात तर त्याचा हात वेगळाच दिसतो.

‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’ जड जाऊन मध्येच ठेवावीशी वाटली, तरी गिरणीत काम केलेल्या, युनियनमधल्या मुलीच्या प्रकरणापर्यंत जा. तिच्या शरीरावर झालेले अत्याचार टेपरेकॉर्डरसमोर सांगायला तिला सांगितलं जातं. जियंगच्या फाइलीत न मावलेलं बरंच काही तिथे आहे.