हॉजेस की डॅनियल : प्रतिकृती कोणाची करून घ्यावी?

मुघल वास्तूंचे भग्नावशेष कॅनव्हासवर हाताने रंगवून घ्यायचे असतील, तर मी विल्यम हॉजेसचं चित्र निवडेन. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर चित्रकार म्हणून गेलेला हा माणूस १७८० ते १७८३ या काळात भारतात होता. दूरवर राजमहालच्या (आताच्या झारखंडमधल्या) टेकड्या दिसणारं त्याचं मकबऱ्याचं तैलचित्र (१७८२) आठवा. त्याचे फटकारे मोकळे, सगळा भर उजेडावर आणि हवेवर. अशा चित्राची नक्कल करणाऱ्या कलाकारालाही ब्रश सैल सोडता येतो. एखादी कमान जराशी कलली, तरी चित्र मरत नाही.

थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांचं तसं नाही. कॅमेरा ऑब्स्क्युरा (समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पाडून ती गिरवू देणारी पेटी) वापरून त्यांनी घुमट, जाळ्या, छत्र्या अचूक टिपल्या. त्यांची १४४ ॲक्वाटिंट चित्रं (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली) १७९५ ते १८०८ दरम्यान निघाली. ती मुळात छापूनच हाताने रंगवलेली. त्यांतली नाजूक रेषा जाड तैलरंगात हमखास बुजते. मला डॅनियल मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांची चांगल्या कागदावरची छापील प्रत घ्यावी असं म्हणेन.