जुना रंग, खाली बोटभर लांबी

आबांनी १९७३ साली घेतलेली महिंद्राची सीजे-३बी जीप अजून आमच्या वाड्यात उभी आहे. हिरवा रंग उन्हानं पार विटलेला. बॉनेटच्या कडेला पन्नास वर्षं हात टेकून टेकून तिथला रंग गेला आणि तांबूस, गुळगुळीत पत्रा उघडा पडला. डाव्या बाजूला सेलूच्या पेंटरकडून लिहून घेतलेलं ‘तुळजाभवानी प्रसन्न’. हे सगळं मला जसंच्या तसं ठेवायचं होतं.

आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळं कोकणातल्या गाडीसारखी ही सगळीकडून सडत नाही. पण काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आत आणि फुटबोर्डाखाली थापला जातो, आठ-आठ दिवस ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. तळ दोन ठिकाणी चाळणी झाला होता, डाव्या बाजूचा खालचा कोपराही गेला होता. नवीन बॉडी बसवायची नव्हती. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण बॉडी किंवा चेसिसमध्ये मोठा फेरफार चालत नाही. म्हणून सडलेला तेवढाच पत्रा कापून नवीन जोडायचा, असं ठरवलं.

शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं ३८ हजार सांगितले. “मालक, असा जोड मारतो की तुम्हालाच सापडणार नाही. वरून जुना रंग बी मिळवून देतो,” म्हणाला. मी २५ हजार आगाऊ दिले. पावतीवर त्यानं दोनच शब्द लिहिले, ‘पत्रा काम’. मीही काही बोललो नाही. मधे दोनदा फोन केला तर “वेल्डिंग चालूय, ठिणग्या उडायल्यात, आत्ता येऊ नका” असं उत्तर मिळालं.

गाडी घरी आली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. जोड खरंच दिसत नव्हता. विटका हिरवा, मधेच तांबूस डाग, सगळं हुबेहूब. उरलेले १३ हजार मी त्याच दिवशी दिले.

मृगाचे दोन पाऊस झाले आणि डाव्या कोपऱ्याला फोड आला. नखानं दाबला तर आतून पाणी. फ्रिजवरचं लोहचुंबक आणून फिरवलं, कोपऱ्यापासून वीतभर ते कुठंच धरेना. अंबाजोगाईच्या एका जुन्या डेंटरकाकांकडं गाडी नेली. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला आणि तो आरपार गेला. खाली होती बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, तिला धरायला तारेची जाळी आणि जाळीमागं तोच सडका पत्रा. तळाला तर सडक्या भागावरच नवा तुकडा ठेवून वेल्डिंगचे चार टाके मारले होते. दोन पत्र्यांच्या मधे पाणी साचून राहिलं आणि पूर्वी चांगला असलेला भागही त्यानं खाल्ला.

काका जे बोलले ते मी इथं मुद्दाम लिहितोय. चकचकीत रंग असला की खालचा प्रत्येक चढ-उतार उजेडात दिसतो, तिथं लांबी लपवायला मेहनत लागते. विटक्या, डागाळलेल्या रंगाखाली काहीही झाकून जातं. ‘जुनं तसंच दिसू दे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवणं म्हणूनच सगळ्यात सोपं. ज्या कामाचं मी कौतुक केलं, तेच झाकण होतं.

खरं काम कसं असतं ते मी तीन दिवस शेजारी बसून पाहिलं. पत्रा चकाकता, निरोगी लागेपर्यंत त्यांनी कापला. १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा तुकडा कडेला कड भिडवून बसवला. एक टाका या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं तर उष्णतेनं पत्रा लाटा धरतो. बाहेरच्या बाजूला त्यांनी गॅस वेल्डिंगच वापरलं. ती शिवण मऊ राहते, मागं डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हातोडीनं बसवता येते. सीओटू, म्हणजे विजेवर तार वितळवून करतात त्या वेल्डिंगची शिवण कडक, ती ग्राइंडरनंच काढावी लागते आणि हात जरा जड पडला की शेजारचा पत्रा पातळ होतो. शेवटी रंग न देता जवसाचं तेल चोळलं. उन्हा-वाऱ्यात तो पत्रा आपोआप काळवंडत जाईल.

तुम्ही कुणाला असं काम देणार असाल तर रंगाचा हात लागण्याआधी उघडा जोड दोन्ही बाजूंनी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फोटो काढा, निम्मे पैसे तोवर खिशातच ठेवा. कुठला भाग कापणार, किती गेजचा पत्रा, जोड कसा, हे पावतीवर लिहून घ्या. ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. मी तक्रार केली आहे, पण ‘पत्रा काम’ या दोन शब्दांवर भांडणं किती अवघड जातं ते आता कळतंय.

पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही. परवा बहिणीच्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात जीप आहे. फोटोतल्या ‘तुळजा’चा ळ खाली लांब शेपूट सोडतो, गाडीवरच्या ळ ला शेपूटच नाही. त्या माणसानं आबांची अक्षरं ग्राइंडरनं घासून काढली होती आणि नवी लिहून पॉलिश पेपरनं जुनी केली होती. काकांनी विचारलं, “फोटोवरून परत लिहून घेऊ का?” मी नको म्हणालो. ती खोटी अक्षरं त्यांच्याकडूनच पुसून घेतली. आता तिथं नुसता पत्रा आहे.