सोप्यातले खांब दिले, परत आलं ते आमचं नव्हतं

जुन्या घराचं लाकूड कुणाला टेबल, झोपाळा करायला देणार असाल, तर उंबऱ्याबाहेर काढण्याआधी हे वाचा. मी न मोजता, न लिहून घेता दिलं, आणि आज माझ्याकडे ते आमचंच होतं हे सिद्ध करायला जवळपास काहीच नाही.

पलूस तालुक्यात कृष्णेच्या काठाला आमचं पाच खणांचं घर होतं. पांढरीच्या मातीच्या भिंती, वर माळवद, आणि सोप्यात सागाचे चार चौरस खांब. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फूट ६ इंचांवर गेलं, तेव्हा आमच्या सोप्यातही छातीएवढं पाणी काही दिवस उभं होतं. खांबांवर गाळाची रेघ राहिली ती राहिलीच. २०२१ ला पुन्हा पूर आला आणि मागची भिंत बसली. धाकटा भाऊ पुण्यात, मी सांगलीत विश्रामबागेत, आई माझ्याकडे. २०२४ च्या दिवाळीनंतर घर उतरवायचं ठरलं.

आईचं एकच म्हणणं होतं, लाकूड भंगारात घालायचं नाही. कारण उजवीकडून दुसऱ्या खांबावर आमच्या उंचीच्या रेघा होत्या. दर पाडव्याला गुढी उभारून झाली की बाबा आम्हाला खांबाला टेकवून उभं करायचे आणि डोक्यावर फूटपट्टी धरून चाकूनं रेघ मारायचे. मी, धाकटा आणि आमची बहीण. एका वर्षी मी आणि धाकटा एकाच उंचीचे भरलो. कुणाची रेघ वर यावरून आम्ही इतकं भांडलो की बाबांनी एक रेघ तिरकी मारली आणि दुसरी तिच्यावरून उलट तिरकी. खांबावर फुली झाली. बहीण आता नाही. तिच्या तीन रेघा होत्या.

जुन्या लाकडाच्या वस्तू करून देणाऱ्या एका माणसाचे व्हिडिओ भाचीनं मोबाईलवर दाखवले. वाड्याच्या तुळईचा बाक, जुन्या खिडकीचा आरसा, बैलगाडीच्या चाकाचं टेबल. काम सुंदर होतं. शेड साताऱ्याच्या बाजूला, महामार्गालगत. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी तो स्वतः गावी हजर. आईच्या पाया पडला. खांबावरून हात फिरवत म्हणाला, "काका, असं लाकूड आता बघायला मिळत नाही. एक ढलपी वाया जाऊ देणार नाही." रेघा दाखवल्या तसा गप्प झाला. मग म्हणाला, "फोटो घेऊ का? टेबलाच्या एका पायात हा भाग जसाच्या तसा बसवतो. तुम्ही जेवायला बसलात की हात लागेल." फ्लॅश टाकून त्यानं समोरून दोन फोटो घेतले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. त्या फोटोंचं पुढे काय झालं ते खाली सांगतो.

ठरलं असं: सहा बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल, पाच बाय दोनचा झोपाळा, एक बाक, आणि मुख्य दरवाजाच्या फळ्यांचं काच बसवलेलं बैठकीतलं टेबल. पॉलिशसकट मजुरी १ लाख ४० हजार. साठ हजार त्याच्या बायकोच्या खात्यावर यूपीआयनं पाठवले, बाकीचे माल आल्यावर रोख. पावती मागितली तर "बिल केलं की जीएसटी लागतो काका, तुमचेच पैसे वाचवतोय." दोन छोटे हत्ती टेम्पो आले आणि लाकूड भरून गेले. मी एकही तुकडा मोजला नाही.

खरं तर हिशेब पाचवीतल्या मुलालाही येईल असा आहे, म्हणून इथे मांडतो. खांब सहा बाय सहा इंच, सात फूट उंच, म्हणजे एकाचे पावणेदोन घनफूट, चारांचे सात. दोन तुळया आठ बाय सहा इंच, बारा फुटी, म्हणजे चार-चार घनफूट. झाले पंधरा. दरवाजा आणि चौकट मिळून तीन धरा. एकूण अठरा. आता परत काय यायचं होतं? दीड इंची जाडीचा टेबलाचा पृष्ठभाग सव्वादोन घनफूट, चार इंची चार पाय एक घनफुटाच्या जरा वर, झोपाळ्याची फळी सव्वा, बाक आणि छोटं टेबल मिळून दीड. तयार माल सहा घनफूट. जुन्या लाकडात खिळे असतात, भेगा असतात, करवतीत जातं, घट धरावीच लागते. तेवढंच आणखी सहा घटीत गेलं म्हणा. तरी सहा घनफूट सांगलीला परत यायला हवं होतं. वखारीत जुन्या सागाला मला साडेतीन हजार रुपये घनफूट सांगितले. म्हणजे एकवीस हजारांचं लाकूड तर उघड गेलं, आणि ते मी विचारलंही नाही. पुढचं कळलं तेव्हा हे एकवीस हजार किरकोळ वाटले.

३० मार्च २०२५ ला, पाडव्याच्या दिवशीच, त्यानं माल आणून दिला. बैठकीतलं टेबल पहिल्यांदा उतरवलं. दरवाजा आमचाच होता. पितळी फुलं, आजोबांनी कोयंड्याखाली ठोकलेला पत्र्याचा तुकडा, सगळं जागच्या जागी. ते पाहून आम्ही इतके हरखलो की बाकीच्या वस्तू निरखून बघितल्याच नाहीत. आज वाटतं, ओळखू येणारी एक वस्तू त्यानं मुद्दाम खरी ठेवली. फसवणारा सगळंच खोटं देत नाही.

आई तेवढी जेवणाच्या टेबलापाशी खाली बसली. पायावरच्या रेघांवरून बोट फिरवत म्हणाली, "ह्यात तुमची फुली कुठाय रे?" मी म्हणालो, पॉलिशमध्ये भरली असेल. उरलेले ऐंशी हजार त्याच्या हातावर ठेवले. पुरणपोळी खाऊन गेला.

जुलैत टेबलाखाली पीठ पडायला लागलं. गव्हाच्या पिठासारखं बारीक, पिवळसर. सकाळी पुसलं तर संध्याकाळी पुन्हा. पृष्ठभागाच्या दोन फळ्यांमध्ये सांध्याला नख जाईल एवढी फट पडली. फोन केला तर म्हणाला, जुन्या लाकडाला पहिल्या पावसात असं होतंच.

गणपती पेठेतले ओळखीचे सुतारमामा आले. त्यांनी आणि मी टेबल उलटं केलं. मामांनी न बोलता खालच्या बाजूला रंधा मारला, ढलपी नाकाशी धरली आणि मला दिली. साग तासला की कातड्यासारखा, तेलकट वास येतो, आत सोनेरी तपकिरी रंग निघतो. इथे वास नव्हता, आणि रंगाच्या थराखाली फिकट लालसर लाकूड निघालं. मग त्यांनी फळीची तोड, म्हणजे आडवं कापलेलं टोक, ओल्या फडक्यानं पुसली. सागाच्या तोडीवर वर्षावर्षाची वलयं डोळ्यांना दिसतात. इथे एकही नाही, सगळीकडे सारखीच बारीक छिद्रं. "हा मलेशियन साल. वरून रंग दिलाय," मामा म्हणाले. पायांत तर सालही नव्हता, कुठल्या तरी लाकडाचा कडेचा पांढरा, कच्चा भाग होता. पीठ पाडणारी कीड त्यालाच लागते, सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही.

पृष्ठभागावर खिळ्यांची जुनी भोकं होती, ती पाहूनच तर मला खात्री वाटली होती. मामांनी खराट्याची एक हीर घेतली आणि एकेका भोकात घालून नखानं खूण केली. सगळी भोकं सारखीच खोल. ड्रिलनं पाडलेली. खऱ्या जुन्या खिळ्याभोवती गंज लाकडात उतरून काळं वर्तुळ होतं, आणि ते रंधा मारल्यावरही जात नाही. इथे भोकांच्या तोंडाशी काळा रंग लावलेला होता, आत लाकूड स्वच्छ.

मग रेघा. मी बॅटरी धरली. अकराच्या अकरा होत्या, अंतरंही जवळपास बरोबर. पण फुलीच्या जागी दोन रेघा एकमेकींपासून अर्ध्या इंचावर, सरळ. फ्लॅशच्या फोटोत फुली नीट आली नसणार, त्यानं दोन रेघा समजून कोरल्या. काप ताजे होते, कडा बोटाला लागत होत्या, आणि तळाशी रंगाचा थेंब वाळून बसला होता. माझ्या बहिणीच्या तीन रेघा एका परक्या माणसानं पटाशीनं कोरून मला विकल्या. पैशांचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

दुसऱ्यांदा फोन केला तर बोलणं बदललं. "तुमचं लाकूड आतून वाळवीनं खाल्लेलं होतं, टाकून द्यावं लागलं, म्हणून जोड दिली." त्यानंतर फोन उचललाच नाही. शेडवर गेलो तर जागा भाड्याची, रिकामी. शेजारच्या चहावाल्यानं सांगितलं, त्याच्याकडून आख्खे खांब ट्रकात भरून जाताना त्यानं कितीदा बघितलेत. तेव्हा मला उमगलं. खांब कापून टेबल करण्यापेक्षा खांब खांब म्हणूनच विकण्यात पैसा जास्त आहे. हॉटेलवाल्यांना, फार्महाऊसवाल्यांना तो आख्खाच हवा असतो.

पोलीस ठाण्यात मला नीट वागवलं, पण पहिलाच प्रश्न होता, "तुमच्या खांबांचा फोटो?" घरातल्या लग्नाच्या फोटोंत खांब मागे धूसर दिसतो, एवढंच. वकिलांनी सांगितलं की सोपवलेली वस्तू परस्पर विकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताने केलेला अपहार आहे आणि फसवणुकीचं कलम ३१८ वेगळं. ते लागू व्हायला मुळात काय सोपवलं ते दाखवता यायला हवं. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. यूपीआयची नोंद तेवढी कामी आली. रोख दिलेल्या ऐंशी हजारांचा कागद नाही.

म्हणून सांगतो. लाकूड आख्खं देऊच नका. आपल्याच गावातल्या आरा मशीनवर, आपल्या डोळ्यांदेखत फळ्या पाडून घ्या, लागतील तेवढ्याच द्या, उरलेलं घरी आणा. कटाईचे पैसे जातील, जाऊ देत. नग द्यावाच लागला तर दोन्ही टोकांचे जवळून फोटो घ्या, कारण तोडीवरची वलयं दोन लाकडांची सारखी नसतात. प्रत्येक नगाच्या टोकाला पटाशीनं आपली खूण करा, मापं कागदावर लिहून त्याची सही घ्या. टेम्पो वजनकाट्यावरून न्या. वाळलेला साग घनफुटाला साधारण अठरा किलो भरतो, त्यामुळे पावती बोलते. रोख देऊ नका. आणि हे मामांनी सांगितलेलं: वस्तूची खालची बाजू विनापॉलिश ठेवायला सांगायची, ती उलटी करून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. जो खरा कारागीर आहे त्याला याचा राग येत नाही. मामांनाच मी विचारलं, ते म्हणाले, "उलट बरं वाटतं. गिऱ्हाइकाला लाकूड कळतंय म्हणायचं."

खांबांखालचे चार दगडी तळखडे जड म्हणून त्यानं नेले नव्हते. ते आता विश्रामबागेत अंगणात आहेत, एकावर आईनं तुळस ठेवली आहे. त्यांची मापं तक्रारीला जोडली आहेत.

सातारा, वाई, महाबळेश्वर, पुणे, कुठेही एखाद्या व्हरांड्यात सहा इंची चौरस सागाचा खांब दिसला, आणि त्याच्या एका अंगाला चाकूच्या अकरा रेघांमध्ये एक फुली असेल, तर तो कुठे आहे तेवढं मला कळवा. ज्यानं विकत घेतलाय त्याच्याशी माझं भांडण नाही, तो मी परत मागणार नाही. आईला तिथे घेऊन जायचंय.