पेट्रोल की सीएनजी : वर्षाला आठ-नऊ हजार किलोमीटर फिरणाऱ्या सोलापूरच्या कुटुंबासाठी

गाडी कोणती घ्यायची ते ठरलेले असते, रंगावरून घरात झालेला वादही मिटलेला असतो, आणि मग शोरूमच्या टेबलावर शेवटचा प्रश्न उरतो : पेट्रोल घ्यावी की त्याच गाडीची सीएनजी? हा निर्णय मी दोनदा घेतला आहे. २०२१ मध्ये कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली हॅचबॅक घेतली, ती साडेतीन वर्षे आणि ३१ हजार किलोमीटर चालवली, विकली, आणि त्याच वर्गातली, जवळपास तेवढ्याच ताकदीच्या इंजिनाची पेट्रोल गाडी घेतली. दोन्ही गाड्या एकाच घरासमोर उभ्या राहिल्या, त्याच रस्त्यांवर फिरल्या आणि त्याच माणसांना घेऊन फिरल्या, एवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे. बाहेरून बसवलेल्या किटविषयी मी बोलणार नाही. त्यात वॉरंटी, आरसीवरची नोंद आणि विमा असे तीन स्वतंत्र प्रश्न असतात.

आधी पैशांचे बोलू, कारण सीएनजीकडे वळणारा प्रत्येक जण तिथूनच वळतो. हिशेबापुरते पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि सीएनजी किलोला ९२ रुपये धरू. दर खालीवर झाले तर हे आकडे बदलून घ्यावेत. माझ्या सीएनजी गाडीने शहर आणि महामार्ग मिळून किलोला २४ किलोमीटर ॲव्हरेज दिले, आताची पेट्रोल गाडी लिटरला १७ देते. म्हणजे किलोमीटरला ३ रुपये ८३ पैसे विरुद्ध ६ रुपये १८ पैसे, फरक २ रुपये ३५ पैशांचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे १७ चा आकडा पूर्वीच्या पेट्रोलवर याहून थोडा बरा आला असता असे मला वाटते. ऊस आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून याबद्दल फार तक्रार करणे शोभत नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

सीएनजी आवृत्तीसाठी सुरुवातीला साधारण ९० ते ९५ हजार रुपये जास्त मोजावे लागतात. वरच्या फरकाने भागले तर ते वसूल व्हायला सुमारे ४० हजार किलोमीटर लागतात. रोज चिंचोळी एमआयडीसीला जाऊन-येऊन करणाऱ्या माणसाचे हे पैसे दोन-अडीच वर्षांत सुटतात. ज्यांची गाडी भाजी आणायला, मुलांच्या क्लासला, महिन्यातून एकदा अक्कलकोट किंवा तुळजापूरला आणि वर्षातून तीन-चारदा पुण्याला निघते, त्यांना साडेचार-पाच वर्षे थांबावे लागते. मी त्या रेषेपर्यंत पोहोचलोच नाही. मात्र विकायला काढल्यावर सीएनजी गाडीला आठवड्याच्या आत गिऱ्हाईक मिळाले आणि किंमतही माझ्या अपेक्षेपेक्षा बरी आली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणजे जादा मोजलेल्या पैशांपैकी काही भाग असाही परत येतो.

डिकीचा प्रश्न सर्वांना ठाऊक आहे : तिथली जागा गॅसची टाकीच अडवते. गावाकडून ज्वारीचे पोते आणायचे तर ते मागच्या सीटवर, दोन माणसांच्या मध्ये बसून येते. टाटाने २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवायला सुरुवात केली, ह्युंदाईनेही पुढच्या वर्षी तसेच केले, त्यामुळे ज्यांचे केवळ सामानावर अडते त्यांनी अशा गाड्या जरूर पाहाव्यात. माझे त्यावर अडले नव्हते.

माझे अडले ते एका अशा गोष्टीवर, जिचा उल्लेख शोरूममध्ये कोणी केला नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. सीएनजी भरताना इंजिन बंद करून गाडीतल्या सर्वांनी खाली उतरायचे असते. नियम योग्यच आहे. टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाने भरला जातो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट दाबाने, आणि त्या वेळी आत कोणी बसलेले नसावे हेच शहाणपणाचे. एकट्या माणसाला याचे काहीच वाटत नाही. माझ्या आईचे वय ७४, तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया २०२२ मध्ये झाली आणि दुसरा गुडघा अजून निर्णयाच्या प्रतीक्षेत आहे. तिला गाडीतून उतरवायचे म्हणजे आधी सीट मागे सरकवायची, मग दोन्ही पाय एकदम बाहेर घ्यायचे, एक हात दाराच्या चौकटीवर, एक माझ्या खांद्यावर, आणि मग तिने ‘थांब, थांब’ म्हणत उभे राहायचे. घरी पोहोचल्यावर हे एकदा करणे वेगळे, आणि वाटेत पंपावर करणे वेगळे.

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही इंदापूरहून बहिणीकडून परतत होतो. निघतानाच गॅसचा काटा खाली आला होता आणि टेंभुर्णी मागे टाकल्यावर महामार्गावरच्या एका पंपावर थांबलो. आमच्या पुढे अकरा गाड्या होत्या, त्यांतल्या चार रिक्षा. रांगेत इंजिन चालू ठेवून एसी लावावा तर गाडी दर दोन मिनिटांनी पुढे घ्यायची, बंद ठेवावे तर आत भट्टी. चाळीस मिनिटांनी नंबर लागला. मुलगा आणि पत्नी उतरून सावलीत गेले, आई बसूनच होती. तिने सांगून पाहिले, ‘मी बसते हितंच, तू भर.’ पंपावरचा मुलगा अदबीने पण ठामपणे म्हणाला, ‘आज्जी, उतरायला लागतंय ओ, त्याशिवाय नोझल लावता येत नाही.’ ती उतरली. त्याने स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली, ती उन्हात राहून इतकी तापली होती की त्यावर आधी टॉवेल घालावा लागला. इतके सगळे होऊन टाकीत गॅस बसला साडेपाच किलो, कारण दाब उतरला होता. ज्या पंपांवर गॅस पाइपलाइनऐवजी ट्रकवरच्या टाक्यांतून येतो, तिथे तो ट्रक रिकामा होत आला की असे होते. आईला पुन्हा आत बसवताना ती काहीच बोलली नाही, आणि तिचे न बोलणे मला जास्त लागले.

हा एक प्रसंग झाला असता तर मी विसरलो असतो. पण सीएनजी गाडीची एक टाकी माझ्या अनुभवात १७० ते १९० किलोमीटर चालते, आणि सोलापूर ते पुणे अंतर साधारण अडीचशे किलोमीटरचे आहे. म्हणजे लांबच्या प्रत्येक प्रवासात जाताना एकदा आणि येताना एकदा हे ठरलेलेच. उन्हाळ्यात त्यात भर पडते, कारण तापलेल्या टाकीत तेवढ्याच दाबाला गॅस कमी मावतो. पहाटे सहाला शहरातल्या पंपावर आठ किलोच्या वर जाणारी माझी टाकी मेच्या दुपारी सातलाच ‘फुल’ व्हायची. मी मोजमापाची यंत्रे लावून हे तपासलेले नाही, पावत्या जपून ठेवल्या होत्या एवढेच.

यावर कोणी म्हणेल की वाटेत गॅस भरू नये, बटण दाबून पेट्रोलवर जावे. बरोबर आहे, आणि सीएनजी गाडीचा हा मोठा गुण आहे : दोन इंधनांमुळे ती रस्त्यात कधीच अडत नाही. विजयपूर किंवा गाणगापूरच्या बाजूला जाताना पुढे पंप कुठे आहे याची चिंता मला कधी करावी लागली नाही. शेवटच्या वर्षी मी तेच करू लागलो. आई बरोबर असली की पेट्रोल, नसली की गॅस. आणि मग एके दिवशी वहीत लिहिताना लक्षात आले की लांबचे सगळे किलोमीटर पेट्रोलवर जात आहेत आणि गॅस फक्त गावातल्या फेऱ्यांना वापरला जात आहे. म्हणजे ज्या बचतीसाठी नव्वद हजार मोजले तीच मी स्वतःच्या हाताने निम्मी करून टाकली होती.

देखभालीत दोघींमध्ये फार मोठी दरी नाही, पण सीएनजीला लक्ष थोडे जास्त लागते. स्पार्क प्लग लवकर बदलावे लागतात, आणि आपल्या धुळीत एअर फिल्टर तुंबला की गॅसवर गाडी पेट्रोलपेक्षा आधी कुरकुरते. गॅसवर चालते म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवण्याची सवय मात्र महागात पडते. आतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असावा लागतो, शिवाय गाडी सहसा सुरू पेट्रोलवरच होते. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवावे आणि आठवड्यातून एकदा चार-पाच किलोमीटर त्यावर चालवावे, असे मला माझ्या मेकॅनिकने सांगितले आणि ते मी पाळले. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, करून घ्यावी लागते. तिची तारीख गाडीवरच्या पट्टीवर असते आणि ती उलटली की पंपावर गॅस नाकारला जाऊ शकतो. माझी टाकी २०२४ मध्ये काढून तपासणीला गेली तेव्हा गाडी दोन दिवस उभी होती. जुनी सीएनजी गाडी घेणाऱ्यांनी सौदा ठरवण्याआधी ही तारीख पाहावी, कारण विकणारे बरेच जण नेमके ती तपासणी तोंडावर आली असतानाच गाडी काढतात.

चालवण्यातला फरक गावात जाणवत नाही. सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागेपर्यंत दोन्ही गाड्या सारख्याच. फरक कळतो तो चार माणसे, एसी आणि चढ हे तिन्ही एकत्र आले की. गॅसवर इंजिनाची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी घटते, आणि तुळजापूरच्या चढावर मला दुसऱ्या गिअरमध्ये यावे लागायचे तिथे आताची गाडी तिसऱ्यात निघते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात, दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेल्या आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरला दुपदरी रस्त्यावर ओलांडताना पिकअप हा चैनीचा विषय राहत नाही. सीएनजीवर मी अशा वेळी मागेच राहायचो, आणि मागच्या गाडीचे हॉर्न ऐकायचो. धीर धरणाऱ्यांना याचे काही वाटणार नाही, हेही खरे.

म्हणून ज्यांचे महिन्याचे चालणे दीड हजार किलोमीटरच्या वर आहे, जे बहुतेक वेळा एकटे किंवा दोघेच असतात आणि ज्यांच्या रोजच्या वाटेवर पंप आहे, त्यांना मी पेट्रोल घ्या असे म्हणणार नाही. त्यांच्या हिशेबात सीएनजी उघडपणे पुढे आहे. फक्त बुकिंगचे पैसे भरण्यापूर्वी त्यांनी दोनदा त्या पंपावर जावे, एकदा सकाळी सहाला आणि एकदा संध्याकाळी सातला, रिक्षा गॅस भरायला येतात तेव्हा, आणि रांग व दाब दोन्ही स्वतः पाहावे. ज्यांच्या घरात म्हातारे माणूस आहे, तान्हे मूल आहे किंवा गाडी मुख्यतः सगळ्यांना घेऊनच निघते, त्यांनी सीएनजीच्या बचतीकडे पाहताना ती कोणाच्या गुडघ्यांवरून होणार आहे हेही पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

पेट्रोल गाडीत मला वर्षाला आठ हजार किलोमीटरमागे साधारण १८ हजार ८०० रुपये जास्त पडतात, म्हणजे महिन्याला साडेपंधराशेच्या आसपास. गाडीच्या खर्चाची वही मी अजून लिहितो, आणि त्यात या रकमेचा वेगळा रकाना आहे. परवा मुलाने वही चाळताना त्या रकान्यावर मी लिहिलेले शीर्षक वाचले, ‘आईचे उतरणे’, आणि ती वही आजीला नेऊन दाखवली. तिने चष्मा लावून आकडा पाहिला आणि एवढे कशाला म्हणून मलाच रागावली.